हीटरच्या पंख्यातून जे निघालं

सकाळच्या माझ्या पोस्टवर पेटून उठलेल्या तमाम बडोदेकरांनो, आता हेही वाचा.

वाघोडियाला कंपनीत निघालो, तर काच आतून धुरकट आणि हीटरचा पंखा दोनदा खडखडून बंद. गेल्याच आठवड्यात सर्व्हिसिंग झालेलं. माझं डोकंच फिरलं. 'मकरपुऱ्याच्या हसमुखभाईनं गाडीची वाट लावली, चोर आहे, कुणी जाऊ नका,' असं तिथल्या तिथे लिहून टाकलं. तुम्हीही कमी नाही. कुणी त्याला लुटारू म्हटलं, कुणी तर गॅरेजचा फोटोच टाकला.

मग भांडायला गॅरेजवर गेलो. मनसोक्त ओरडलो. हसमुखभाई सरळ डॅशबोर्डखाली शिरला, पंखा काढला आणि माझ्या हातात दिला. "जुओ, साहेब."

पात्यांमध्ये झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या गच्च बसल्या होत्या. वर अक्षता.

गाडी काढण्याआधी मी रोज वायपरपाशी फूल आणि अक्षता वाहतो. काचेखालच्या जाळीतून ते सगळं थेट पंख्यात जात होतं. आजचं ताजं फूलही त्या जाळीवरच पडलेलं.

त्यानं पंखा साफ करून बसवला, चालू करून दाखवला. मग मोबाइल पुढे केला. माझीच पोस्ट. "मारी दीकरीए वांची संभळावी," म्हणाला. मुलीनं बापाला ती वाचून दाखवली होती.

पोस्ट काढलीय. तुमचे स्क्रीनशॉट अजून फिरतायत.

मला अक्कल नव्हतीच. पण तुमच्यापैकी एकालाही 'आधी पंखा उघडून बघ' असं म्हणावंसं का वाटलं नाही?