सुभेदारांच्या शिस्तीतला सॉफ्टबॉल

गेल्या मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी साडेदहा वाजता, सांगलीच्या एका मैदानावर शालन नावाच्या विद्यार्थिनीवर घोर अन्याय झाला. ती शालन म्हणजे मी. अन्याय करणारे सगळे माझ्याच आडनावाचे निघाल्यामुळं निषेधाचं पत्रक काढता आलं नाही. (मसुदा तयार होता. पण आमच्या घरात पत्रकं चुलीला फार उपयोगी पडतात.)

मी कराडच्या कॉलेजात शिकते, विद्यार्थ्यांच्या एका संघटनेची पत्रकं लिहिते आणि सॉफ्टबॉल खेळते. पैकी पत्रकं मला बरी जमतात. सॉफ्टबॉल ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: समोरची मुलगी खालून हात फिरवून चेंडू टाकते, आपण गोल बॅटनं तो मारायचा आणि पहिल्या बेसकडे, म्हणजे जमिनीवरच्या चौकोनी गादीकडे, जीव घेऊन पळायचं. तीनदा हुकलं की बाद. आपल्या आधी चेंडू बेसवर पोचला तरी बाद. फटका कितीही लांब गेला तरी पळावं लागतंच. माझी बॅट चेंडूला लागायची, नाही असं नाही. पण तो चेंडू समोरच्या मुलीच्या पायापर्यंत जाऊन दमायचा. ती वाकून उचलायची आणि वर मला "थँक्यू" म्हणायची!

विभागाच्या संघाची निवड तोंडावर आली होती. फटक्यात ताकद आणायची तर सराव हवा, सरावाला बॅट हवी, आणि बॅटा कुलपात. मी लगेच पत्रक काढलं: 'क्रीडासाहित्य कपाटाच्या बापाचे नाही!' आमचे खेळाचे सर भला माणूस. म्हणाले, "बाई, ही एक बॅट घरी ने, पण पत्रक आवर."

चळवळीचा एवढा मोठा विजय घेऊन मी कडेगावजवळच्या आमच्या गावी सुट्टीला आले आणि तिथं तात्यांनी माझा ताबा घेतला.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, एकाहत्तरच्या लढाईनंतर पेन्शनीवर आलेले सुभेदार. त्यांच्यापुढं आमचे आण्णासुद्धा, म्हणजे माझे वडील, टोपी सरळ करून बोलतात. तात्यांनी बॅट हातात घेतली, रायफलीसारखी डोळ्यापुढं धरून नळी तपासली (बॅटीला नळी नसते, हे सांगायची हिंमत कुणाची?) आणि निदान केलं.

"ताकद दंडात न्हाई पोरी, ताकद शिस्तीत हाय. एकदम मारतीस म्हणून तुझं वाया जातंय. फटका तीन भागात मारायचा."

"तीन भागात? तात्या, चेंडू एका भागात येतो."

"बोलायचं न्हाई! एक म्हटलं की बॅट खांद्यावर. दो म्हटलं की डावा पाय म्होरं. तीन म्हटलं की कंबर फिरवून हाण. मधी पुतळा! माझा म्होरचा हुकूम येईस्तोवर पापणी बी हलवायची न्हाई. आन् हुकूम फकस्त एकाचा. धा जणं वरडली तरी तुझा कान माझ्याकडं."

मी, जी कॉलेजच्या फाटकावर उभी राहून 'हुकूमशाही चालणार नाही' म्हणून घसा फोडते, ती दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात खांद्यावर बॅट घेऊन पुतळा झाले.

"एक!"

रानात निघालेल्या बाया थांबल्या. शेजारच्या रखमाकाकूंनी आईला विचारलं, "आवं, शालन कुणाला मारणार हाय?"

"कुणाला न्हाई. चेंडूला."

"मग चेंडू कुठाय?"

"यायचाय आजून," आई गंभीरपणानं म्हणाली.

"दो!" तात्या म्हणाले आणि तेवढ्यात त्यांना विहिरीवरची मोटार बिघडल्याची हाक आली. ते गेले. मी डावा पाय पुढं टाकून उभी. मोटार दुरुस्त झाली, तिथंच चहा झाला, उसाच्या तोडीवर चर्चा झाली. परत आले तेव्हा मी तशीच! माझ्या बॅटीवर एक कावळा बसून गेला होता. तात्यांचे डोळे भरून आले. "शाब्बास! असा जवान मला पलटणीत बी मिळाला न्हाई!"

मला वाटलं, आपण सुधारतोय.

मग ताकदीचा धडा. लिंबाच्या फांदीला पाचटानं ठासून भरलेलं पोतं टांगलं. पलटणीत म्हणे संगीन खुपसायला असंच पोतं असतं, आणि खुपसताना आरोळी ठोकायची असते. मी आरोळी ठोकली. म्हैस दावं तोडून पळाली. मी घाबरून जीव खाऊन हाणलं. पोतं असं काही झोका घेऊन गेलं की पलीकडून डेअरीला निघालेल्या आण्णांच्या छातीवर आदळलं. किटली उलटी, आण्णा बसलेले, धोतरातून दूध निथळतंय.

"ताकद आली!" तात्या आनंदानं ओरडले.

आण्णांनी मिशीवरची साय पुसली. "दादा, तुमच्यापुढं मी बोलत न्हाई. पर शालन, आईक. सांगलीत निवड झाली तर खेळ. न्हाई झाली तर बॅट कालिजात आन् तू घरात. खेळ बंद!"

म्हणून त्या गुरुवारी माझं सगळं त्या एका निवडीवर लटकलेलं होतं, आणि ते पाहायला अख्खं घर भाकऱ्या बांधून एसटीनं सांगलीला आलं.

माझी पाळी आली. समोरच्या मुलीनं चेंडू टाकला. मैदानाच्या कडेनं आरोळी आली, "एक!" मी बॅट खांद्यावर घेतली. "दो!" मी पाय टाकला. चेंडू तोवर मागच्या मुलीच्या हातात जाऊन विसावला होता. "तीन!" मी कंबर फिरवून हवा हाणली. दुसऱ्या चेंडूला हुबेहूब तसंच!

पंच तात्यांकडे गेले. "साहेब, बाहेरून सूचना देता येत नाहीत."

"हुकूम हाय का?"

"हो, हुकूमच समजा."

तात्यांनी टाचा जुळवल्या. "जी साब!" आणि तोंड मिटलं.

आता मी कुणाच्या जिवावर मारणार? तिसरा चेंडू सुटला. भीतीनं मीच एका दमात ओरडले, "एकदोतीन!" आणि काय सांगू, ठण्ण! बॅटीच्या पोटावर बसला. चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून थेट मैदानाच्या टोकाला लावलेल्या सायकलींच्या गर्दीत! दोन सायकली आडव्या झाल्या. असा फटका त्या दिवशी कुणीच मारला नाही.

मी मात्र जागेवर. ताठ. पुढच्या हुकुमाची वाट बघत!

स्वतःला हुकूम द्यायची माझी तयारी तीनपर्यंतच झालेली होती. "पळ!" संघ ओरडला. "पळ!" सर ओरडले. पण हुकूम फकस्त एकाचा, आणि तो एक पंचांचा हुकूम पाळत, लालबुंद होऊन, मिशा थरथरवत उभा!

शेवटी आई ओरडली, "आगं पळ की भवाने!" मी दचकून सुटले. चेंडू तोवर सायकलींतून निघून, तीन हातांतून फिरून पहिल्या बेसवर माझी वाट बघत होता. बाद!

आण्णा मात्र तरातरा निवडणाऱ्या सरांपुढं गेले. "आवं सर, चेंडू कुणी घालवला?"

"तुमच्या मुलीनं. पण ती पळाली नाही."

"मग पळाया दुसरी ठेवा की! आमच्यात ऊस तोडणारा येगळा, मोळी व्हाणारा येगळा. तोडणाऱ्यालाच पळ म्हटलं तर कारखाना चालंल का?"

सरांनी नियम समजावला. आण्णांनी ऊस समजावला. अर्ध्या तासानं दमून सरांनी माझं नाव लिहिलं: 'राखीव'.

"राखीव म्हंजी?" आण्णांनी तात्यांकडं पाहिलं.

"रिझर्व! लढाईत शेवटी, सगळं थकलं की रिझर्वच पाठवत्यात. लय मोठा मान हाय!"

अशी निवड झाली आणि खेळ चालू राहिला. तेव्हापासून मी या विभागाची राखीव आहे. पाण्याची कळशी भरते, बॅटा मोजते आणि खेळणाऱ्या नऊ जणींपैकी एखादी गळण्याची वाट पाहते. नऊच्या नऊ जणी घोड्यासारख्या धडधाकट आहेत.

विद्यार्थिनींची लग्नं शिक्षणाच्या मध्येच उरकण्याच्या मी तत्त्वतः कडाडून विरोधात आहे. या विषयावरची माझी पत्रकं आपण वाचली असतीलच. परंतु त्या नऊ जणींपैकी एखादी आपली कन्या, पुतणी वा भाची असेल, तर माझी आपणाकडे जाहीर आणि ठाम मागणी आहे: येत्या हंगामाच्या आत तिचं लग्न उरकून टाका!