दुसऱ्याच्या मापाची फळी

आचऱ्याच्या किनाऱ्यावर रोज संध्याकाळी साठीतला एक मच्छीमार विंडसर्फिंगच्या जुन्या फळीवर शीड धरून निघतो. एका धिप्पाड परदेशी पाहुण्याने ती स्वतःच्या मापाने बनवून घेतली होती. जाताना याला देऊन गेला. हा बुटका. पाय अडकवायचे पट्टे याला लांब पडतात, म्हणून हा त्यांच्या अलीकडेच पाय रोवतो. होडीला लावतात तसं काजूच्या टरफलांचं तेल चोपडून त्याने फळी काळीकुट्ट केली आहे.

"नवी का घेत नाही तुम्ही?" मी एकदा शहाणपणाने विचारलं.

शीड गुंडाळता गुंडाळता तो हसला. "ही तेच्या मापाची. हिच्या मापाचो होवक माका वीस वर्सां लागली. आता परत पयल्यापासून सुरू करू?"

तो शीड ठेवायला गेला. फळीवर पट्ट्यांच्या अलीकडे झिजून दोन पावलं उमटली होती. मी हळूच पाय ठेवून पाहिला. बसला नाही, आणि त्याचं मला बरंच वाटलं.