याडीची जमीन

लोखंडी बार्जच्या डेकवर रोज सकाळी शेणाने सारवणारी बाई साऱ्या मुलखात एकच झाली असेल, आणि तिच्यासाठी परक्या गावात शेण हुडकत फिरणारा बी.कॉम. पास माणूसही एकच. ती याडी आणि तो मी.

याडी म्हणजे गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, आई. पुसदकडच्या एका तांड्यातली ही म्हातारी आमच्या हमालटोळीच्या मुकादमाची सख्खी मावशी, पण टोळीतले सगळेच तिला याडी म्हणत. कापसाची ती वाईट वर्षं होती. पांढरकवड्याच्या ज्या जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर बसत असे, ती बंद पडली आणि मुकादमाच्या टोळीबरोबर मी पोती मोजायला थेट काकीनाड्याच्या बंदरात जाऊन पोचलो. खोली मिळणार असं धरून मी इस्त्रीचे कपडे आणि भिंतीवर टांगायचा आरसा सोबत घेतला होता. भिंतच नव्हती. खाडीच्या काठाला बांधून ठेवलेली, कामातून गेलेली एक जुनी मालवाहू बार्ज होती आणि भाडं पडत नाही म्हणून सगळी टोळी तिच्यावरच राहायची. काठ आणि बार्ज यांच्यामध्ये एक फळी टाकलेली. टोळीतले लोक तिच्यावरून शीळ घालत जात. मी फळीवर बसून, दोन्ही हातांनी कडा धरून, सरकत सरकत जात असे. माझ्या पँटी कुठे फाटतात हे सगळ्या बंदराला माहीत होतं.

याडी टोळीचा स्वैपाक करायची. आल्या आल्या तिने पोरांकडून माती वाहून आणवली आणि डेकवर एक ओटा घातला. एका टोकाला चूल, बाकीचा ओटा रिकामा, चांगला खाटेएवढा लांब. तो सारवून झाल्याशिवाय ती चूल पेटवत नसे. चुलीला एवढी जागा कशाला, असं मी एकदा विचारलं. "तुले काय करा लागते?" ती म्हणाली. "तू शेन आन."

हे काम माझ्याकडे आलं, कारण पोती मोजून झाली की मी आरसा बघत बसायचो आणि ते तिला सहन होत नसे. मला तेलुगू येत नव्हती. आदिलाबाद आमच्यापासून हाकेवर, पण मी जन्मभर तिकडच्या ट्रकवाल्यांशी मोडक्या हिंदीत बोललेला. पहिल्या दिवशी घमेलं घेऊन मी भर बाजारात उभा राहिलो, कपाळाशी दोन बोटं धरून शिंगं करून दाखवली आणि उरलेला मजकूर मागच्या बाजूला हात नेऊन सांगितला. एका दुकानदाराने मला दुधाची पिशवी दिली. दुसऱ्याने घाईघाईने संडासाची वाट दाखवली. पुढे पुढे मला बघितलं की बाजारातली माणसं आपणहून कपाळाशी बोटं नेत आणि कुठल्या गल्लीत गाय बांधली आहे ते हाताने दाखवत. मिळेल त्या पहिल्या ट्रकने घरी पळून जायचं असा माझा बेत होता, आणि त्या गावाला मी असा तोंडपाठ होत चाललो होतो.

आणलेलं शेण याडीला पटेल तर शपथ. हातात घेऊन, वास घेऊन ती ते सरळ खाडीत फेकायची. बंदरामागच्या एका म्हशीवाल्याकडचं शेण तेवढं तिने ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः माझ्याबरोबर त्याच्या गोठ्यात आली. तिथे सरकीच्या ढेपेची, म्हणजे पेंडीची, पोती रचलेली होती, आमच्याकडच्या ट्रकांतून आलेली. याडीने पोत्यावरून हात फिरवला. "ह्या म्हशी आपली सरकी खातेत," ती म्हणाली. "मंग हे शेन आपल्याच जिमिनीचं झालं का नाही?" तिचा चेहरा माहेरची माणसं भेटल्यासारखा झाला होता. मला हसू आलं होतं, ते मी गिळलं.

ओट्याच्या लांबीचा उलगडाही तिनेच एकदा भाकरी थापता थापता केला. माणूस जायला लागला की त्याला सारवलेल्या जमिनीवर घेतात. मरणाला ती भीत नव्हती. पाण्यावर मरायला भीत होती. "मले का लोखंडावर ठेवसान?" ती म्हणाली. "काही झालं त मले जिमिनीवर घेजो." मी हो म्हणालो. तोवर आपण इथे असणारच नाही, हे मी मनात धरूनच चाललो होतो.

तिने मला सारवायलाही शिकवून पाहिलं, पण तुझा हात उलटा फिरतो म्हणून नाद सोडून दिला.

पावसाळा सरता सरता वादळ आलं. याडी तापाने फणफणली होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत पावसाने ओटा धुऊन खाडीत नेला. "गेली माही जिमीन," एवढंच ती बोलली. मुकादमाने तिला पाठीवर घेतलं. फळीवर मी पुढे होतो, नेहमीसारखा बसून, आणि त्या पावसात माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा झाला. आम्ही म्हशीवाल्याचा गोठा गाठला. त्याच्या बायकोने एक कोपरा झाडून सारवला, त्यावर घोंगडी अंथरली आणि याडीला आपल्या हाताने दूधभात भरवला. याडीने घोंगडीच्या कडेखालून तळवा सरकवून जमीन चाचपली, मग डोळे मिटले. ती गेलीच असं समजून मी मोठ्याने रडायला लागलो. म्हशींनी माना वळवून माझ्याकडे बघितलं.

ताप उतरल्यावर तिने पहिलं काम केलं ते म्हणजे तो कोपरा नव्याने सारवला. त्या बाईचाही हात उलटा फिरत होता म्हणे.

ढेप उतरवून परत निघालेल्या ट्रकमध्ये आम्ही तिला बसवून दिलं. मी पाया पडलो, तेव्हा ती फार गंभीरपणे म्हणाली, "तुमी मले जिमिनीवर घेतलं, पन मी मेलीच नाही. ते फुकट गेलं. आता पुन्हा घ्या लागन."

त्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी आणखी एक जागा रिकामी होती. मी तिथे का बसलो नाही, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पुढे काही वर्षं मी तिथेच काढली आणि फळीवरून उभा चालायला शिकलो, म्हणजे दोनदाच खाडीत पडलो.

पांढरकवड्याला परतून मी एका दुकानात चिकटलो होतो, तेव्हा मुकादमाचा फोन आला. याडी कुणालाच ओळखत नाही, पण जमीन जमीन करते. मी इस्त्रीचे कपडे घालून, बस पकडून तिच्या तांड्यावर गेलो. नातवाने नवं घर बांधलं होतं. आत गुळगुळीत फरशी, अंगणात सिमेंट. जनावरं त्या वाईट वर्षांतच विकली गेलेली, अख्ख्या तांड्यात शेणाचा पो नव्हता. घरचे लोक खाटेभोवती नुसते उभे होते.

मी घमेलं मागितलं. शेजारच्या गावात एका दारात म्हैस दिसली. या वेळी भाषा येत होती, तरी माझी बोटं कपाळाशी गेलीच. काहून पाहिजे, असं तिथल्या बाईने विचारलं, मी सांगितलं, आणि ती घमेलं भरून द्यायला वाकली.

घरामागे सिमेंट संपत होतं तिथे मी माती सारखी केली आणि खाटेएवढी जागा सारवली. नातवाने आणि मुकादमाने याडीला उचलून तिथे ठेवलं. तिने तळव्याने जमीन चाचपली, सारवणावरचे माझ्या बोटांचे फराटे हळूहळू तपासले. मग डोळे उघडून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"अजून उलटाच फिरते तुहा हात," याडी म्हणाली, आणि तळवा तिने तिथेच राहू दिला.