मुठीचं पहिलं तेल

जगातल्या यच्चयावत भानगडींचं मूळ व्हार्निश आहे, अशी ठाम खात्री असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. "व्हार्निश वर बसता, तेल आत जाता," हे त्यांचं वेदवाक्य. त्यांचं निम्मं गाव, आरोंदा, त्यांच्या मते व्हार्निश मारलेलं होतं. गोडबोल्या दुकानदार, मुंबईहून इस्त्रीचे कपडे घालून येणारा पुतण्या, मतं मागायला आलेले पुढारी, सगळे या एका वाक्यात निकालात निघत. मी तर तळेऱ्याचा, म्हणजे भातशेतीतला, त्यात कचेरीत कारकून, आणि बोलायचो पुस्तकी. लग्न ठरताना त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि आत जाऊन सासूबाईंना काय सांगितलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

सासरे खाडीवर गरीने मासे धरायचे आणि गरीची काठी घरीच बनवायचे. काठी म्हणजे चिव्याचा सरळ बांबू, त्याचं काही विशेष नाही. खरं प्रकरण मुठीचं. फणसाचा तुकडा तासायचा, खरवतीच्या खरखरीत पानांनी दिवसेंदिवस घासायचा आणि मग गालाला लावून डोळे मिटायचे. हे भर दुपारी ओटीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत चालायचं. सासूबाई म्हणत, इतकी वर्षं संसार केला, पण माझ्या गालाची एवढी चौकशी कधी झाली नाही. मग उंडीचं तेल. त्यात राळेची चिमूट टाकून ते उन्हात मुरवायचं, कोमट करून लाकडाला चोळायचं, पिईल तेवढं पाजायचं, उरलेलं पुसायचं. घरात कुणाला ताप आला तर सासऱ्यांना तिसऱ्या दिवशी कळे. मूठ तेल कमी प्यायली तर मात्र त्यांना जेवण जात नसे. आणि एक नियम ब्रह्मवाक्य होता: पहिलं तेल ज्या हाताने चोळलं, त्याच हाताची ती मूठ. दुसऱ्याच्या हातातून ती निसटणारच. पुरावाही होता. शेजाऱ्याने त्यांची जुनी काठी उसनी नेली आणि गळाला लागलेल्या तांबोशी माशासकट खाडीत घालवली. तेव्हापासून सासऱ्यांचं गरवणं बंद होतं आणि सारा जीव नव्या मुठीत अडकला होता.

त्याच साली माझा दिवाळसण आला. पहिल्या तेलाला त्यांनी नरकचतुर्दशीचा मुहूर्त धरला होता. पहाटे चुलीशेजारी दोन वाट्या कोमट होत होत्या, एकीत जावयाचं खोबरेल आणि दुसरीत मुठीचं. सासूबाईंनी अर्धवट झोपेत एक उचलून बायकोच्या हातात दिली. ती मला तेल चोळू लागली आणि असा काही वास सुटला म्हणता! मला वाटलं, असेल खाडीकाठची रीत. नव्या जावयाने नाक मुरडू नये. बायकोला काहीच वावगं वाटलं नाही, कारण तिच्या लेखी तो वडलांचा वास होता. मग पाठीला उटणं लागलं. राळेने ते असं धरलं की भिंतीचा गिलावा बरा. त्यावर पंचा टाकला तर तोही चिकटला, आणि मायलेकी दोन बाजूंनी ओढू लागल्या.

इतक्यात मूठ घेऊन तेलाला बसलेल्या सासऱ्यांनी उरलेल्या वाटीत बोट घातलं, तर ते खोबरेल. ते तसेच न्हाणीपाशी धावत आले. माझी दशा बघून हळहळतील, असं वाटलं होतं. हळहळले, पण तेलासाठी.

"अगो, लाकडाचां तेल तां! ह्येंका लावन काय उपेग? ह्ये पितले काय?"

पुढची उंडीची फळं येईपर्यंत तसलं तेल मिळणार नव्हतं. सासऱ्यांनी हातातल्या कोरड्या मुठीकडे पाहिलं. मग ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, चोळा. बाहेर फटाके वाजत होते, आणि मी पाटावर उघडा बसून, दंडावरचं, पोटावरचं तेल निपटून मुठीला पाजत होतो. मूठ मात्र घटाघटा प्याली हो. चांगली सावळी, तुकतुकीत झाली.

"आता ही तुमची," सासरे म्हणाले. "माका वळखूची नाय." मी परत देऊ केली, तर माझ्यावरच रागावले.

झालं. मूठ उपाशी ठेवायची नाही म्हणून दर सुट्टीला यष्टीच्या कंडक्टरबरोबर निरोप येऊ लागला आणि मी आरोंद्याला जाऊ लागलो. बांधावर मी काठी घेऊन बसायचो आणि सासरे शेजारी नुसती दोरी हातात धरून. काळुंदरं यायची, आमिष खाऊन निवांत निघून जायची. सासरे अखंड बोलायचे, तेही तेलाबद्दल. या बोलण्यामुळेच गावातलं कुणी त्यांच्याबरोबर गरवायला बसत नाही, हे मला सासूबाईंनी सांगितलं. खोटं कशाला सांगू, मला त्या बोलण्याची चटक लागली. कचेरीत साहेबांसमोर एकदा माझ्या तोंडून "माका" निघून गेलं.

वयाच्या पासष्टीच्या सुमारास त्यांचे पाय गेले. खाडी सुटली. मी गेलो तेव्हा ओटीवर पडून होते. न राहवून मी काठी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, ही तुमचीच होती, तुमच्याजवळच ठेवा. त्यांनी मूठ बराच वेळ धरली आणि मग माझ्याकडे सरकवली. जावईबापू सोडून त्यांनी मला कधी हाक मारली नव्हती, पण त्या दिवशी अरेतुरेवर येऊन म्हणाले:

"माका खंयची काठी व्हयी होती रे? बाजूक बसाक माणूस व्हयो होतो. तो गावलो."

सासूबाईंनी जेवायला दोनदा हाक मारली, पण मी उठलो नाही. तिथेच सासऱ्यांच्या बाजूला बसून राहिलो.