विलासची दहा मिनिटं

कुपवाडला मी कामगारांसाठी व्यायामाचा वर्ग चालवतो. व्यायामावर कुठलं पुस्तक वाचावं, असं कुणी विचारलं की मी एकच पुस्तक पुढे करतो. इंग्रजी आहे, कव्हर गेलंय, पानं फुगलीत. सांध्यांच्या हालचालीवरचं ते पुस्तक लान्स नायक विलासचं.

विलास रहिमतपूरचा. मी तेव्हा फौजेत हवालदार, आमच्या कंपनीचा पीटी उस्ताद. बर्फातल्या पोस्टवर चढण्याआधी आम्ही बेस कॅम्पला होतो. सकाळी सहाला फॉल-इन, मग पीटी, त्यातली शेवटची दहा मिनिटं अंग ताणायची. विलास डिक्शनरी घेऊन त्या पुस्तकात डोकं घालून बसायचा.

"उस्ताद, ताकद लय हाय आपल्यात, पर खांदं मोकळं न्हाईत. दंड कानाला लागत्यात का बगा."

"हात वर करून शरण जायचंय का रं?" मी म्हणालो. सगळे हसले.

रस्सीखेचीची स्पर्धा तोंडावर आली होती. ती दहा मिनिटं मी कापली आणि रस्सीला दिली. ट्रॉफी आमची झाली, माझी कॉलर ताठ झाली. दहा मिनिटं काही मी परत सुरू केली नाहीत. विलास तंबूमागे एकटाच अंग ताणायचा.

पुढच्याच महिन्यात पोस्टवर गस्त घालून परतलो आणि एकमेकांना बांधून घेतलेले कमरेचे दोर सोडले. सकाळचे ०९४० झाले होते. विलासच्या पायाखालचा बर्फ खचला. तो अरुंद भेगेत दीड पुरुष खाली घसरला आणि छातीशी अडकला, दोन्ही हात अंगाशी दाबलेले. त्याच्या काखेतून रस्सी घालायला कुणीतरी डोकं खाली करून उतरायला हवं होतं. दंड कानाला लावून सरळ पुढे केले तरच माणूस आत मावणार होता.

सोबत्यांनी माझे पाय धरून मला खाली सोडलं. कोपरं अडकली. वीतभर अंतर उरलं.

खालून तोच मला सांगत होता, "उस्ताद, घाई नगा करू. श्वास सोडा. खांदं सैल टाका."

मी रडत होतो, शिव्या देत होतो. माझ्यानंतर तिघे उतरले. सगळे माझ्याच हाताखाली तयार झालेले, सगळे तिथंच अडकले. वर रेडिओ चालू होता.

"रस्सी नहीं पहुँच रही. ओव्हर."

"कोशिश जारी रखो. ओव्हर."

ट्रॉफी जिंकणारे गडी रस्सी धरून उभे होते. त्या भेगेत उतरू शकणारा कंपनीत एकच माणूस होता आणि तोच खाली होता. १०२५ ला त्याने ओ देणं थांबवलं. रेस्क्यू पार्टी १११० ला पोचली.

सुट्टीत मी त्याचं पुस्तक घेऊन रहिमतपूरला गेलो. त्याचे वडील म्हणाले, "आमाला इंग्रजी येत न्हाई. काय लिवलंय त्येवढं सांगा."

विलासने खूण घातलेलं खांद्याचं प्रकरण मी मराठीत सांगितलं, आणि त्या भेगेत काय झालं तेही. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"मंग तुमचा हात का पोचला न्हाई?"

"ती दहा मिनिटं मी बंद केली होती, आबा."

त्यांनी पुस्तक मिटलं. मग ते माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता बंद करू नगा."

वर्गात ती दहा मिनिटं मी सगळ्यात आधी घेतो. सगळ्यांबरोबर मीही हात वर करतो. आता माझे दंड कानाला लागतात. विलासला त्याचा काही उपयोग नाही.