आठवं पान

बुलिक कार्सियेम सोयाबीन उकडताना पातेल्यात डोकावायची नाही; वासावरून ओळखायची. हळद-चिंचेचं पाणी उभ्याने प्यायची, बिनसाखरेचं, आणि पेला उपडा ठेवायची. गिऱ्हाईक टेंपे, म्हणजे बुरशीने सांधलेली सोयाबीनची वडी, दाबून बघायला लागलं की त्याच्या बोटांवर चापट. केळीच्या पानातला प्रत्येक पुडा विकायला नेण्याआधी कानाशी धरायची. काय ऐकतेस, असं मी चार वर्षं विचारलं.

"तुला पुस्तकं वाचता येतात ना? मग गप्प बस."

मी साहित्याची पदवी घेऊन गावी परतले. बुलिक म्हणजे मावशी; नात्याची नव्हे, शेजारीण. ती एकोणसाठ वर्षांची, मी सव्वीस. तरी मैत्रीच म्हणायची.

तिचा सगळा जीव रानजास्वंदीच्या पानांत होता. पानाच्या पाठीवर बारीक लव असते. जुन्या पानाने चोळलेले दाणे दोन नव्या पानांमध्ये दाबून बांधायचे, तिसऱ्या दिवशी उघडायचे. लवेत काळसर बुरशी धरलेली असते. ती पानं वाळवायची, आणि पुढच्या खेपेच्या दाण्यांना चोळायची. तिच्या आजीपासून हे असंच चालत आलं होतं. जास्त दिवस खंड पडला की पान मरतं, मग टेंपे धरत नाही.

मार्चमध्ये बाजार समितीने फर्मान काढलं. एक जूनपासून टेंपे फक्त पाकिटातल्या तयार बुरशीच्या पुडीने लावायचं, प्लास्टिकमध्ये विकायचं. आरोग्य केंद्राच्या बु रेत्नो, म्हणजे रेत्नोबाई, ते वाचून दाखवायला आल्या.

"बु कार्सी, पानाला जंतू असतात हो."

"असतात ना. त्यांच्याच जिवावर धंदा आहे माझा."

"स्वच्छतेसाठी सांगतेय. पूड घ्या, एकदाचं सुटेल."

"माझं सोडा. तुमचं सुटतं का सकाळी?"

बाजार खदखदून हसला. बु रेत्नो महिनाभर जुलाबाच्या गोळ्या घेत होत्या, हे मिरचीवाल्यांनाही ठाऊक होतं.

"चेष्टा पुरे," त्या लाल होऊन म्हणाल्या.

"मग पैज लावा. वीस माणसं. दहांना माझं टेंपे, दहांना पुडीचं. महिन्याने पोटांना विचारा."

आणि आरोग्य केंद्राकडून ही पैज ऐकून एप्रिलमध्ये खरोखरच विद्यापीठातली माणसं आली. झाडपाल्याच्या जेवणाने आतड्यातले जीवाणू कसे बदलतात, ते त्यांना मोजायचं होतं. पोटात असे अब्जावधी जीव राहतात, त्यातल्या कित्येकांना आपल्याला न पचलेला चोथा लागतो, असं त्यांच्यातल्या चष्मेवाल्याने सांगितलं.

"एवढी बिऱ्हाडं माझ्याकडे राहतात," बुलिक म्हणाली, "आणि त्यांना जेवायला काय घालायचं ते तुम्ही मला शिकवणार?"

त्यांनी छोट्या डब्या वाटल्या. पोटातलं तपासायचं तर नमुना लागणारच. वाडीतली माणसं डब्या पाठीमागे लपवून उभी राहिली. बुलिक घरात गेली, परत आली, सगळ्यांदेखत डबी चष्मेवाल्याच्या हातात ठेवली.

"सांभाळून न्या. ऐवज आहे."

मग इतरांनी धीर केला. बु रेत्नोंनी आपलं नाव बुलिकच्या दहांत घालून घेतलं. गुपचूप.

महिना झाला. चष्मेवाला दुसऱ्यांदा डब्या घेऊन गेला. निकालाला सहा महिने लागतील म्हणाला. फरक दिसेल, कदाचित दिसणारही नाही. एक जूनला दोन आठवडे उरले होते.

"तोवर पूड वापर ना," मी म्हटलं.

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून ओरडली, "सहा महिन्यांनी कागद येईल. तोवर पान मेलं तर दाण्यांना काय तो कागद चोळू?"

एक जूनला ती तिच्या जागेवर बसली. पानातलं टेंपे घेऊन. समितीचा माणूस आला.

"उठा, बु."

"उचल."

ती जेमतेम पाच फुटांची. तो वाकला. शेजारच्या भाजीवाल्यांनी आपल्या टोपल्या सरकवून तिला तिन्ही बाजूंनी घेरलं. तो सरळ झाला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे अकरा दिवस.

आज बारावा. आज तिची जागा रिकामी होती, म्हणून मी तिच्या घरी गेले. काल संध्याकाळी पानं बांधायला बसली होती, ती तिथेच आडवी झालेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. दुपारी पुरलं तिला.

कालचा एक पुडा कोपऱ्यात होता. मी तो कानाशी धरला. आवाज कसलाच नव्हता. गालाला ऊब लागली. बुरशी धरली की पुडा आतून तापतो. एवढंच बघायची ती. मला सांगितलं असतं तर काय झालं असतं?

माणसं पांगल्यावर बु रेत्नो स्वयंपाकघराच्या दारात आल्या. चपला हातात.

"पानं कुठायत?"

मी फळीकडे बोट केलं. सात जोड्या बांधून ठेवलेल्या.

"कधी उघडायच्या?"

"उद्या."

"मग समितीला सांगू नकोस जागा रिकामी झाली म्हणून," त्या म्हणाल्या. "परवा कोणीतरी बसेल."

कोण, ते आम्ही दोघींनीही विचारलं नाही. खाली चटईवर आठवं पान उघडंच होतं. लवेवर दाणे पसरलेले, एकाला एक चिकटून. बांधायची सालपट्टी शेजारी. वरचं पान तिने अजून ठेवलं नव्हतं.