गिळला, पण पचला नाही

आमचा थोरला भाऊ भिंगारच्या तालमीतला पैलवान. त्याच्या भाकऱ्यांची चवड रचायला आईला शिडी लागायची, आणि त्यानं शड्डू ठोकला की केडगावच्या म्हशी दूध चोरायच्या. अशा माणसाला खोकला लागला. पावसाळा सरेतो तो इतका वाळला, की वारा सुटला तर दादाला खुंटीला बांधतो असं मी मित्रांना सांगायचो. मित्र हसायचे. आई हसायची नाही.

नगरला छातीचा फोटो काढला. क्षय निघाला. सुया, मूठभर गोळ्या, दीड वर्ष.

"दीड वर्स? आवो साहेब, चैताच्या जत्रंत कुस्ती ठरलीया माजी!"

"पैलवान, ऐका," डॉक्टर म्हणाले. "अंगात राखणदार पेशी असतात. जंतू दिसला की त्या गिळतात आणि पचवतात. हा गिळला जातो, पण पचत नाही. पचवणारा रस जवळ येऊच देत नाही. राखणदाराच्याच पोटात राहतो, वाढतो, कधी नुसता झोपून असतो. तुम्हाला बरं वाटेल, तेव्हाही तो आत असेल."

"म्हंजी पालथा पडून ऱ्हायलाय. पाठ न्हाई लागली आजून, कुस्ती बाकी हाय."

"अगदी बरोबर."

आमच्या सगळ्यांच्या आधी दादालाच ते कळलं होतं.

फाल्गुनापर्यंत खोकला गेला, दंड भरले. तालमीतले वस्ताद म्हणाले, "सुई टोचल्यालं अंग आखाड्याच्या हौदात उतरत न्हाई, माती बाटती. घाम काढ, ऱ्हायलेलं घामातनं जाईल." तालमीचा रिवाजच तो. दादानं सुया सोडल्या, गोळ्याही सोडल्या. आई आडवी आली.

"आरं, साहेब काय म्हन्ले हुते?"

"आये, हाय का खोकला? मंग कुठं हाय त्यो?"

जत्रेत दादानं समोरच्याला असा उचलला, की खाली यायला त्याला दुपार झाली. फेटा बांधून मिरवत घरी आला.

आषाढात खोकल्यातून रक्त पडलं. पुन्हा सुया सुरू केल्या, पण डॉक्टरांनी मान हलवली. अर्धवट सोडलेल्या औषधाला तो जंतू आता दाद देत नव्हता. दिवाळीच्या आत दादा गेला. यात मला वाढवून सांगण्यासारखं काही नाही.

नंतर डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांच्या हातावर तपासणीची सुई टोचली. माझा हात टम्म सुजला. "तुझ्यातही आहे," ते म्हणाले, "झोपलाय. बहुतेक झोपूनच राहील."

एवढी वर्षं झोपलाच आहे. पण आजही जेवताना मला ठसका लागला, की पंगतीतले सगळे घास हातात धरून थांबतात.